दप्तर उघडण्याआधी: शाळेतल्या झडतीचा योग्य क्रम

वर्गात कुणाचे तरी पाचशे रुपये हरवतात. बाई दार लावून घेतात. "कोणी हलायचं नाही. सगळ्यांनी दप्तरं बाकावर ठेवा." इथवर येईतो दोन-तीन चुका होऊनही गेलेल्या असतात. त्या कळतात दुसऱ्या दिवशी, एखाद्या मुलीची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसते तेव्हा.

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सहा पर्यवेक्षिका म्हणून. झडतीवरून पेटलेली बरीच प्रकरणं निस्तरली. वस्तू कुणी उचलली, यावर भांडण क्वचितच व्हायचं. भांडण व्हायचं ते आधी काय केलं आणि नंतर काय, यावर. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. पहिले टप्पे शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी आहेत, शेवटचे दोन विद्यार्थी आणि पालकांसाठी. पालकांनीही सुरुवातीपासून वाचलं तर शाळेला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

## कायद्याचं एवढं डोक्यात असू द्या

विद्यार्थ्याची झडती घ्यायचा अधिकार शिक्षकाला देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. शाळेत असेपर्यंत मूल आमच्या ताब्यात, आमच्या जबाबदारीवर, एवढ्याच आधारावर आपण दप्तर उघडतो. ज्या जबाबदारीतून हा अधिकार येतो तीच त्याला मर्यादाही घालते. मुलांचं रक्षण करायला दप्तर उघडता येतं, त्यांना अद्दल घडवायला नाही.

दुसऱ्या बाजूला मुलाच्या हातात बरंच काही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाला विनाकारण मानसिक किंवा शारीरिक यातना देणं हा गुन्हा आहे, आणि मुलं ज्यांच्या हवाली केलेली असतात अशा संस्थेच्या कर्मचाऱ्याने तो केला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी वाढते. अंगाला हात लागला, कपडे उतरवले, की मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ समोर उभा राहतो.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. "आम्ही शाळेच्या भल्यासाठीच केलं" हे वाक्य पोलिस ठाण्यात फार टिकत नाही, म्हणून सांगते.

## टप्पा १: जूनमध्येच करायची तयारी

प्रसंग घडल्यावर नियम शोधायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. शाळा सुरू होताच पुढची कामं उरकून घ्या.

१. एका पानाचं धोरण लिहा. दप्तर कोणत्या कारणांसाठी तपासलं जाईल (शस्त्र, नशेचा पदार्थ, चोरीची ठोस माहिती, कुणाच्या जिवाला धोका), तपासणीला कोण सांगू शकेल, कोण हजर असेल आणि काय कधीच केलं जाणार नाही, एवढं त्यात असू द्या. "शिस्तीच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास" असलं ऐसपैस वाक्य नको. त्यात काहीही बसतं आणि तपासाला बसलेल्या माणसाला ते लगेच दिसतं.

२. ते पान विद्यार्थ्यांच्या डायरीत छापा आणि पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा. पालकांची सही घ्या, पण सही म्हणजे कोरा धनादेश समजू नका. धोरणाला सही आहे म्हणून अंगझडती योग्य ठरत नाही.

३. माणसं ठरवा. दोन शिक्षिका, दोन शिक्षक आणि समुपदेशक असतील तर तेही. यांच्याशिवाय कुणी दप्तराला हात लावायचा नाही. शिपाई, बसमधले मदतनीस, वर्गाचा मॉनिटर, कुणीही नाही. मॉनिटरकडून मित्रांची दप्तरं तपासून घ्यायची पद्धत अजून कुठे कुठे चालू आहे. ती आजच बंद करा.

४. जागा ठरवा. मुख्याध्यापकांची खोली किंवा ग्रंथालयाचा कोपरा चालेल, जिथे बाकीची मुलं डोकावणार नाहीत पण दार बंदही नसेल.

५. नोंदवही ठेवा. साधी, पानांवर क्रमांक घातलेली. रकाने टप्पा ६ मध्ये दिले आहेत.

दप्तराचं वजन करणं ही झडती नव्हे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं, हे पाहायला ते काट्यावर ठेवलं तर उघडायची गरज पडत नाही. वजनाच्या निमित्ताने आतलं चाळायचं, ही पळवाट मुलं बरोबर ओळखतात.

तपासा: धोरण वाचून आठवीतल्या मुलाला कळतं का? त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

## टप्पा २: आधी कारण, तेही कागदावर

तक्रार आली की दप्तराकडे जायच्या आधी खुर्चीत बसा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

नेमकं काय शोधतोय? "काहीतरी संशयास्पद" हे उत्तर नव्हे. "निळ्या मुठीचा कटर" हे उत्तर आहे.

हे कुणी सांगितलं आणि त्याने स्वतः पाहिलं का? "सगळे म्हणतायत" म्हणजे कुणीच पाहिलेलं नाही.

ते याच मुलाच्या दप्तरात असेल असं का वाटतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर थांबा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पर्सच्या प्रकरणात अशीच दुहेरी कसोटी लावली होती: झडती सुरू करायला वाजवी कारण होतं का, आणि ती त्या कारणापुरतीच राहिली का. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण कसोटी घेण्यासारखी आहे. दुसरा अर्धा भाग तर जास्तच. कटर शोधायला दप्तर उघडलं असेल तर वहीत लिहिलेली पत्रं वाचायचं कारण तिथे नाही.

या टप्प्यावरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे अख्ख्या वर्गाची झडती. ती मी स्वतः केली आहे.

आठवीचा वर्ग. सहलीची वर्गणी आणलेला मुलगा मधल्या सुट्टीनंतर रडत आला, पाचशेची नोट नाही. मी एकेक दप्तर टेबलावर रिकामं करत गेले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या दप्तरात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी निघाली. तिने हात पुढे केला, "बाई, ते नको." नको म्हटल्यावर माझा संशय वाढलाच. पुडी मी सगळ्यांसमोर उघडली. आत सॅनिटरी पॅड होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. ती मुलगी पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. नोट संध्याकाळी मिळाली, त्या मुलाच्याच भूगोलाच्या पुस्तकाला घातलेल्या खाकी कव्हरच्या घडीत. त्याच्या आईने नीट राहावी म्हणून तिथे सरकवली होती.

बेचाळीस दप्तरं उघडली आणि ज्याची नोट होती त्याचंच नीट पाहिलं नव्हतं.

सावध: संशय कुणावर जातो तेही पाहा. चप्पल फाटकी त्याचं दप्तर पहिलं, अमुक वस्तीतून येतो म्हणून त्याचं पहिलं, हे आपल्याकडून नकळत होतं. जात, धर्म, गरिबी, जुनी एखादी चूक यांतलं काहीही तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. नोंदवहीत लिहायला संकोच वाटेल असं कारण असेल, तर ते कारणच नाही.

## टप्पा ३: झडतीशिवाय सुटतंय का पाहा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि निम्मं काम इथेच होऊ शकतं.

हरवलेल्या वस्तूच्या बाबतीत आधी ज्याची वस्तू त्याच्याकडेच नीट शोधा: कंपासपेटी, पुस्तकांची कव्हरं, डब्याची पिशवी, दप्तराचा आतला फाटका अस्तर. घरी फोन करून विचारा, वस्तू खरंच आणली होती का.

मग वर्गाला परतीचा रस्ता द्या. ग्रंथालयाबाहेर एक खोकं ठेवा आणि सांगा, "कुणाला ती वस्तू सापडली असेल तर शाळा सुटेपर्यंत यात टाका. कोण टाकतं ते कुणी बघणार नाही." मग खरंच बघू नका. खोक्यावर कॅमेरा रोखून ठेवणाऱ्या एका शाळेत पुन्हा कधी कुणी काही टाकलं नाही.

संशय एकाच मुलावर असेल तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा. "अमुक वस्तूबद्दल तक्रार आहे. तुला काही सांगायचंय?" एवढंच. "कबूल कर, नाहीतर दाखला हातात देईन" ही धमकी झाली, आणि तिच्यामुळे न केलेलंही कबूल करणारी मुलं मी पाहिली आहेत.

अपवाद एकच. चाकू, पिस्तूल, फटाक्याची दारू, किंवा मुलाने काहीतरी विषारी किंवा नशेचं खाल्ल्यासारखं वाटणं, अशा वेळी खोकं ठेवून वाट पाहायची नसते. मूल आणि दप्तर लगेच वेगळं करा, बाकीच्या मुलांना बाहेर काढा आणि ११२ वर फोन करा. काही खाल्लं असेल तर आधी दवाखाना, दप्तर मागाहून.

## टप्पा ४: प्रत्यक्ष तपासणी

कारण लिहिलंय, दुसरा उपाय उरला नाही, मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय. आता पुढचा क्रम मोडू नका.

१. मुलाला वर्गातून शांतपणे बोलवा. मधल्या सुट्टीत बोलावलं तर कुणाचं लक्षही जात नाही. दप्तर त्याने स्वतः घेऊन यायचं. मूल वर्गात आणि दप्तर ऑफिसात, असं व्हायला नको. मध्ये कुणी काय टाकलं याचं उत्तर मग कुणाकडेच नसतं.

२. दोन मोठी माणसं हजर हवीत, त्यातलं एक मुलाच्याच लिंगाचं. मुलीचं दप्तर असेल तर शिक्षिका असल्याशिवाय सुरुवातच करू नका.

३. पालकांना फोन करा. तातडी नसेल तर ते येईपर्यंत थांबा, मूल तेवढा वेळ ऑफिसातच बसेल आणि दप्तर त्याच्यासमोर बंद करून राहील. तातडी असेल तर फोन केल्याची वेळ लिहून पुढे जा.

४. काय शोधतोय आणि का, ते मुलाला सांगा. सांगणाऱ्याचं नाव मात्र सांगू नका.

५. दप्तर मुलाने स्वतः उघडायचं आणि एकेक वस्तू स्वतःच बाहेर ठेवायची. आपले हात टेबलाच्या आपल्या बाजूला. अख्ख्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मुलाने स्वतः काढलं की "बाईंनीच टाकलं" हा आरोपही संपतो आणि अपमानही बराच कमी होतो.

६. जे शोधतोय ते तिथे मावू शकत नसेल तर ती जागा उघडायला सांगू नका. क्रिकेटची बॅट कंपासपेटीत नसते. हास्यास्पद वाटेल, पण "आलोच आहोत तर बघूया" या वृत्तीला एवढाच लगाम आहे.

७. पॅड, आतले कपडे, औषधं, डायरी, पत्रं, ताईत, देवाचा फोटो यांपैकी काही निघालं तर ते न उलगडता बाजूला ठेवू द्या. त्यावर एक शब्दही नको. विनोद तर नकोच.

८. वस्तू सापडली की थांबा. नाही सापडली तरी थांबा.

मूल "नाही उघडणार" म्हणालं तर हिसकावून घेऊ नका. दप्तर त्याच्या डोळ्यांसमोर टेबलावर राहू द्या, पालक येईपर्यंत त्याच्याजवळ कुणीतरी बसा. नकार दिला म्हणजे गुन्हा कबूल केला, असं नोंदवहीत लिहू नका. माझ्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनेही नकारच दिला होता.

तपासा: आता खोलीत तुम्ही किती जण आहात? तीनहून अधिक शिक्षक जमले असतील तर जादाच्यांना बाहेर पाठवा. पाच मोठी माणसं आणि मध्ये एक बारा वर्षांचं पोर, ही चौकशी राहत नाही.

## अंगझडती: इथे टप्पाच नाही

खिसे मुलाने स्वतः उलटे करून दाखवले तर पाहा. स्वेटर किंवा जाकीट गणवेशावरून काढून ठेवायला सांगता येतं. याच्या पुढे शाळेचं काहीही काम नाही. चाचपून पाहायचं नाही, पट्टा सैल करायला लावायचा नाही, मोजे-चड्डीपर्यंत जायचं नाही. शिक्षिकेनेही मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही. "लेडी टीचर होत्या ना सोबत" हा बचाव नाही.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना मासिक पाळीवरून तपासलं गेलं. पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. बायकांनीच बायकांची तपासणी केली होती, तरीही. हेतू लैंगिक होता की नव्हता याचा निवाडा न्यायालय करेल, पण तोवर मुली, शाळा आणि ती माणसं कुठे जाऊन पोहोचतात ते पाहा.

अंगावर शस्त्र आहे अशी खरी शंका असेल तर अंतर ठेवा, इतर मुलांना हलवा, पोलिसांना बोलवा. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्री कर्मचाऱ्याकडूनच आणि शालीनता सांभाळून घ्यावी लागते. त्यांना जे बंधन आहे ते आपल्याला नसेल कसं?

कॉपीसाठीही हाच नियम. परीक्षेच्या दारात खिसे रिकामे करायला सांगा, कागद बाहेरच्या टोपलीत टाकायची संधी द्या, मुलींसाठी शिक्षिका नेमा. कपडे उतरवायला लावणं कॉपीच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे.

## टप्पा ५: मोबाईलचं प्रकरण वेगळं

मोबाईल दप्तरात सापडणं ही एक गोष्ट, तो उघडून वाचणं ही पूर्ण वेगळी. पहिलीसाठी नियम करता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळांतल्या स्मार्टफोनबाबत जी तत्त्वं सांगितली त्यांचा रोखही तोच आहे: सरसकट बंदी नको, वापरावर नियंत्रण हवं, आणि शक्य असेल तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करून जाताना परत द्यावा.

फोन जप्त केला तर मुलासमोर बंद करा, पाकिटात घाला, पाकिटाच्या तोंडावर दोघांची सही, कपाटात कुलूप. परत पालकांकडे, आणि त्याच दिवशी. महिनाभर फोन ठेवून घेणाऱ्या, दंड मागणाऱ्या, आणि एका ठिकाणी तर सर्वांसमोर हातोडीने फोडणाऱ्या शाळा आहेत. फोन पालकांच्या मालकीचा असतो, हे त्या विसरतात.

पासवर्ड मागायचा नाही. मुलाचं बोट धरून लॉक उघडायचं नाही. गप्पा वाचायच्या नाहीत, फोटो चाळायचे नाहीत. तक्रार फोनमधल्याच मजकुराची असेल, कुणाला धमकावलंय, कुणाचा फोटो फिरवलाय, तर ज्याला तो मजकूर आला त्याच्या फोनवर, त्याच्या पालकांसमोर तो पाहा. संशयिताचा फोन उघडण्याची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

सावध: अल्पवयीन मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र समोर आलं तर "पुरावा म्हणून" स्वतःच्या फोनवर घेऊ नका, स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका, मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. असं चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं, दोन्ही कायद्याने गुन्हे आहेत, आणि चांगल्या हेतूने केले तरी अडचण होते. फोन बंद करा, पोलिसांना कळवा. लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

## टप्पा ६: सापडलं, नाही सापडलं, लिहून काढलं

नोंद त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत लिहा. तारीख आणि वेळ, कारण (टप्पा २ ची तीन उत्तरं), हजर माणसं, पालकांना फोन किती वाजता, काय शोधलं, काय मिळालं, वस्तू कुठे ठेवली, मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. खाली दोन्ही मोठ्यांच्या सह्या. मुलाला सही करायला लावू नका. वर्गाच्या हजेरीपटात, प्रगतिपुस्तकात किंवा दाखल्यावर यातला एक शब्दही जाता कामा नये.

सापडलेली वस्तू साधी असेल, पत्ते, गेम, दुसऱ्याची वही, तर विषय शाळेतच संपवा. तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट असेल तर पालक आणि समुपदेशक आधी. ती कुठून मिळाली हा प्रश्न मुलापेक्षा दुकानदाराला विचारण्यासारखा आहे: अठराच्या आतल्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे.

गांजा, गोळ्या, अनोळखी पावडर असेल तर वास घेऊन, चाखून पाहू नका. पाकिटात बंद, तोंडावर दोघांच्या सह्या, पोलिसांना फोन. संडासात टाकून "प्रकरण मिटवणं" म्हणजे स्वतःला प्रकरणात ओढून घेणं. पोलिस आले तर बाल पोलीस पथकाचा किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचा आग्रह धरा, साध्या वेशात यायला सांगा आणि पालक किंवा शिक्षक मुलाजवळच राहू द्या. गाडीत बसवून नेताना बाकी शाळा खिडकीत उभी असणार नाही, एवढं तरी आपण पाहू शकतो.

काहीच नाही सापडलं तर? माफी मागा. मुलाची, त्याच खोलीत, "आमची चूक झाली" अशा सरळ शब्दांत. वर्गात कुजबुज झाली असेल तर वर्गातही सांगा की याच्याकडे काही नव्हतं. इथे शाळांची जीभ फार जड होते. माझी चार दिवस जड झाली होती, पाचव्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. बोलणं आईशीच झालं.

## टप्पा ७: विद्यार्थ्यांसाठी, थोडक्यात

दप्तर दाखवायला सांगितलं तर पळू नका, हिसकाहिसकी करू नका. "मी स्वतः काढून दाखवतो. आईबाबांना फोन करा आणि बाईंना बोलवा." एवढं वाक्य पाठ असू द्या. उद्धटपणा न करता हे म्हणता येतं.

पॅड असलेली पुडी असेल तर "ही माझी खाजगी वस्तू आहे" एवढंच म्हणा. उघडून दाखवायची गरज नाही.

अंगाला हात लावायला कुणी पुढे आलं, कपडे काढायला सांगितलं, तर मोठ्याने "नाही" म्हणा, दाराकडे जा आणि दिसेल त्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. घरी गेल्यावर सांगायचंच. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, मुलं स्वतः लावू शकतात.

मित्राच्या दप्तरात चाकू पाहिला आणि सांगितलं, तर ती चहाडी नव्हे. पण रागापोटी खोटं नाव घेतलंत, तर वर लिहिलेलं सगळं त्याच्यावर ओढवतं.

## टप्पा ८: पालकांसाठी, चुकीची झडती झाली तर

पहिली चूक इथे घरातूनच होते. मूल रडत आलं की आई पालकांच्या ग्रुपवर लिहिते, शाळेचं नाव, वर्ग, मुलीचं नाव, सगळं. तासाभरात ते गावभर. लैंगिक स्वरूपाच्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि तसं नसलं तरी उद्या त्या वर्गात बसायचंय मुलीलाच. ग्रुप बाजूला ठेवा आणि हा क्रम धरा.

१. ऐकून घ्या. एकदाच, नीट, मध्ये न टोकता. "मग तू काय केलं होतंस?" हा प्रश्न आज नको. तेच तेच पाच नातेवाइकांसमोर वदवून घेऊ नका.

२. त्याच रात्री लिहून काढा: किती वाजता, कुठे, कोण कोण होतं, कुणी काय म्हटलं, कशाला हात लावला. मुलाचे शब्द जसेच्या तसे.

३. इथे वाट दोन दिशांना फुटते. कपडे काढायला लावले असतील, अंगाला हात लावला असेल, तर शाळेची वेळ घेत बसू नका. थेट पोलिस ठाणे किंवा १०९८. शाळेला नंतर कळवा. "आधी आमच्याशी बोला, मुलीच्या भविष्याचा विचार करा" असा फोन येईल. त्याला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, तक्रार पोलिसांना कळवणं शाळेवर आहे.

४. प्रकार दप्तरापुरता असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. त्यात चारच गोष्टी विचारा: झडतीचं कारण काय होतं, ते कधी लिहिलं, कोण हजर होतं, आम्हाला कधी कळवलं. सोबत धोरणाची आणि नोंदीची प्रत मागा. शिक्षकाला काढून टाका, ही मागणी पहिल्या अर्जात टाकलीत की शाळा बचावात जाते आणि कागद मिळत नाहीत.

५. उत्तर आलं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ, मग आठवीपर्यंत गटशिक्षणाधिकारी, नववी-दहावीला जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. आयोगाकडे तक्रार करायला वकील लागत नाही, साध्या मराठी अर्जावर चालतं.

६. मूल शाळेत जायला नाही म्हणालं तर एक-दोन दिवस राहू द्या, पण शाळेला लेखी कळवा की गैरहजेरी या कारणाने आहे. नंतर "विद्यार्थी अनियमित आहे" असं शाळेच्या कागदावर आलं की तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

अर्ज तोंडी सांगून, टेबलावर ठेवून यायचा नाही. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा" म्हणाले तर तोच अर्ज त्या दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.